इंजिन बांधून झालं, सेल्फ फिरतो, करंट येतो, तरी एटीव्ही पकडत नाही, मग बघायचं काय

दादा, तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात लिहितो. बीचवर पर्यटकांसाठी ठेवलेला 110 सीसीचा चायनीज एटीव्ही (वाळूत चालणारी चारचाकी बाइक), सेल्फ स्टार्ट, किक नाही. धूर मारत होता, ऑइल पीत होता म्हणून इंजिन खोललं, ब्लॉक बोर केला, पिस्टन रिंग नवीन, दोन्ही व्हॉल्व नवीन घासून बसवले आणि टायमिंग चेन पण बदलली. आता सेल्फ मारला की इंजिन फिरतं, प्लग बाहेर काढून बघितला तर करंट (ठिणगी) आहे, पेट्रोल येतंय, पण गाडी पकडत नाही, म्हणजे चालू होत नाही, आणि मधेच कार्बोरेटरमधून फाट्‌कन उलटं मारते. तेवढ्यात सीडीआय (प्लगला करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा), कॉइल, प्लग आणि आता कार्बोरेटर पण नवा टाकून झालाय, फरक शून्य.

पहिली गोष्ट, आता एकही पार्ट विकत घेऊ नका, खरंच सांगतो. ही गाडी खोलायच्या आदल्या दिवशी चालत होती ना? धूर मारत का होईना, पर्यटकांना घेऊन फिरत होती. म्हणजे तेव्हाचा सीडीआय, कॉइल, कार्बोरेटर सगळं काम करत होतं. नंतर जे बिघडलं ते जिथे हात लागला तिथेच बिघडलं असणार. इंजिन बांधल्यावर गाडी पकडत नसेल तर माझा पहिला प्रश्न हाच असतो की काय काय खोललं होतं, आणि शोधायला सुरुवात त्याच यादीपासून करायची. नवा सीडीआय हा त्या यादीत नव्हताच. उलट नवे पार्ट टाकल्यामुळे आता अडचण वाढलीय, कारण नवा माल चांगलाच असतो असं नाही, म्हणून जुना सीडीआय, जुनी कॉइल, जुना कार्बोरेटर परत लावा. ते चालत होते हे आपल्याला माहितीय.

आता तुमच्या यादीत मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे टायमिंग चेन, म्हणजे क्रँकवरून (पिस्टन फिरवतो तो दांडा) कॅम फिरवणारी चेन, आणि कॅम व्हॉल्व उघडतो. या आडव्या चायनीज इंजिनात (होंडाच्या जुन्या कबवरून आलेलं डिझाईन, आपल्याकडच्या सीडी हंड्रेड आणि स्प्लेंडरचं इंजिन याच घराण्यातलं) चेन डाव्या बाजूला मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरचं चुंबकाचं जड चाक) मागे असते. चेन बदलली म्हणजे मॅग्नेट निघालं, मागची कॉइल प्लेट निघाली. आणि मॅग्नेट निघालं म्हणजे ती छोटी अर्धगोल चावी निघाली किंवा हलली. मॅग्नेट क्रँकवर कुठल्या जागी बसणार हे ती एवढीशी चावी ठरवते, आणि करंट कधी पडणार ते मॅग्नेटची जागा ठरवते.

होतं काय की मॅग्नेट परत ढकलताना चावी खाचेत मागे सरकते किंवा एका बाजूने वर उचलली जाते, दिसत नाही, मॅग्नेट थोडं तिरकं बसतं, वरून नट आवळला की चावी चेपते किंवा अर्धी कापली जाते. मॅग्नेट क्रँकच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) घट्ट बसलेलं असतं त्यामुळे हाताला काही कळत नाही, फिरतंय छान, करंट पण पडतोय, फक्त चुकीच्या वेळी. प्लग बाहेर काढून हेडला टेकवून बघितला तर निळा करंट दिसणारच. करंट आहे की नाही एवढंच त्यातून कळतं, वेळेवर आहे की नाही ते कळत नाही.

आणि यात एक वाईट सापळा आहे. कॅमचं टायमिंग कशावरून लावतात? मॅग्नेटवरच्या टी मार्कवरून (पिस्टन अगदी वरच्या टोकाला असल्याची खूण). टी मार्क क्रँककेसवरच्या खुणेसमोर आणायचा, मग कॅमच्या स्प्रॉकेटवरचा ठिपका हेडवरच्या खाचेसमोर आणायचा. पण चावी कापली गेली असेल तर टी मार्कच खोटा झाला. मग त्या खोट्या टी वर लावलेला कॅम पण खोटा, करंट पण खोटा, आणि गंमत म्हणजे मेकॅनिक दहा वेळा उघडून बघेल तरी सगळे मार्क त्याला बरोब्बर जुळलेले दिसतील. तो खोटं बोलत नसतो, मार्क जुळलेलेच असतात. म्हणून माझं सांगणं आहे की बाकी काहीही तपासायच्या आधी टी मार्क खरा आहे का ते पिस्टनला विचारा.

कसं विचारायचं ते सांगतो. प्लग काढा. डाव्या बाजूचं मॅग्नेट कव्हर काढा. प्लगच्या भोकातून प्लास्टिकची लांब केबल टाय किंवा कडक स्ट्रॉ आत पिस्टनला टेकवा, लोखंडी तार किंवा स्क्रू ड्रायव्हर अजिबात नको, नवीन पिस्टन आहे आणि भोक तिरकं असतं, अडकलं तर थ्रेड जातील. मॅग्नेट हाताने फिरवा, डावीकडून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने. नटावर पाना लावून त्या दिशेने फिरवू नका, नट ढिला होतो. पिस्टन वर येईल तशी टाय बाहेर ढकलली जाईल, टोकाला पोचून परत आत जायला लागेल. आता नेमकं टोक डोळ्याने सापडत नाही कारण पिस्टन वरच्या टोकाला थोडे डिग्री जवळजवळ थांबल्यासारखाच असतो. म्हणून असं करा, टायवर पेनाने एक खूण करा, पिस्टन वर येताना ती खूण प्लगच्या भोकाच्या काठाशी आली की थांबा आणि क्रँककेसच्या मार्कसमोर मॅग्नेटवर खडूने रेघ मारा. मग मॅग्नेट पुढे नेऊन पिस्टन टोक ओलांडून खाली उतरताना टाय परत त्याच खुणेला आली की दुसरी रेघ. या दोन रेघांच्या बरोबर मधे खरं वरचं टोक. टी मार्क तिथेच असायला हवा. एक-दोन डिग्री इकडेतिकडे हाताचा फरक म्हणून सोडून द्या. पण बोटभर अंतर दिसलं तर संपलं, मॅग्नेट काढा, चावी बघा.

मॅग्नेट काढायला पुलरच वापरा. हातोडीने ठोकून काढलं तर क्रँकचे थ्रेड चेपतात, आतले चुंबक सुटतात आणि क्रँक आउट होतो, म्हणजे वाकतो. पुलर काही महाग नाही, याच आडव्या इंजिनांचा बाजारात मिळतो. मॅग्नेट निघाल्यावर चावी नखाने चाचपून बघा, मधे बारीकशी पायरी लागली तरी ती गेली समजा, नवीन टाका, घासून परत वापरू नका. क्रँकचा टेपर आणि मॅग्नेटचं भोक दोन्ही पेट्रोलने पुसून एकदम कोरडं करा, ऑइल-ग्रीस काही नको. चावी खाचेत सपाट बसवा, मॅग्नेट हळूच ढकला, आणि नट आवळायच्या आधी मॅग्नेट पूर्ण आत गेलंय, डगमगत नाहीये हे बघून घ्या. नट साधारण 40 न्यूटन मीटरला.

टी मार्क खरा निघाला किंवा खरा करून घेतला, की मग कॅम. हेडच्या डाव्या बाजूचं गोल झाकण काढा, स्प्रॉकेट दिसेल. टी जुळवा, ठिपका खाचेसमोर आहे का बघा. इथे एक दात चुकला तर किती फरक पडतो याचा हिशेब लोक करत नाहीत. स्प्रॉकेटला 28 दाते असतील तर एक दात म्हणजे कॅमचे जवळपास 13 डिग्री, आणि कॅम क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो म्हणून क्रँकचे जवळपास 26 डिग्री. एवढ्या फरकात गाडी पकडेल याची आशा सोडा. कॅम मागे पडला असेल तर इनटेक व्हॉल्व उशिरा बंद होतो, पिस्टन वर यायला लागला तरी तो उघडाच, म्हणजे आत घेतलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण परत कार्बोरेटरकडे ढकललं जातं, प्रेशर कमी बनतं आणि कार्बोरेटरच्या तोंडातून फवारा बाहेर येतो. तुमचं जे फाट्‌कन उलटं मारणं आहे ते याच्याशी चांगलंच जुळतंय, पण चावीशी पण जुळतं, म्हणून दोन्ही बघायचं.

दात चुकतो कसा तर बहुतेक वेळा टेन्शनरमुळे (चेन ताणून धरणारा भाग). स्प्रॉकेट बसवताना चेन ढिली असते, मार्क बरोबर दिसतो, मग टेन्शनरची स्प्रिंग बसवली की चेन ताणली जाते आणि मार्क सरकतो. ओढली जाणारी बाजू आधी ताठ करून घ्यायची आणि सगळा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला सोडायचा. लावून झालं की मॅग्नेट हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून परत मार्क बघायचे, हे केल्याशिवाय झाकण लावायचंच नाही. फिरवताना कुठे टणक लागलं, अडलं, तर जोर करू नका, व्हॉल्व पिस्टनला भिडत असेल, परत मागे घ्या. आणि एक, इंजिनाच्या खाली टेन्शनरचा जो मोठा बोल्ट असतो तो काही जण ऑइलचा बोल्ट समजून काढतात, आतली स्प्रिंग आणि दांडी बाहेर पडते, ती परत न घालताच बोल्ट आवळतात. तुमच्याकडे ऑइल बदलताना असं काही झालं का ते मेकॅनिकला एकदा शांतपणे विचारा.

बरेच जण विचारतात की कॅम 180 डिग्री उलटा बसला असेल का. या इंजिनात ती काळजी नको. मॅग्नेटशेजारचा पल्सर (करंट कधी पाडायचा ते सीडीआयला सांगणारी छोटी कॉइल) प्रत्येक फेऱ्याला एक करंट पाडतो, एक कामाचा आणि एक एक्झॉस्टच्या वेळी वाया जाणारा. त्यामुळे कुठल्या टी वर कॅम लावला याने फरक पडत नाही, ज्या टी ला दोन्ही व्हॉल्व बंद तोच कॉम्प्रेशनचा टी झाला.

पण टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्वमधल्या गॅपचे स्क्रू) लावताना मात्र हाच फरक फार महत्त्वाचा. टॅपेट कॉम्प्रेशनच्या टी वरच लावायचे, म्हणजे दोन्ही रॉकर (कॅमवरून व्हॉल्व दाबणारे हात) किंचित सैल लागायला हवेत. दुसऱ्या टी ला, जिथे एक्झॉस्ट बंद होतोय आणि इनटेक उघडतोय, तिथे लावले तर गॅप नंतर भलताच मोठा होतो, व्हॉल्व नीट उघडत नाही आणि टॅपेट खडखड वाजतात. गॅप थंड इंजिनाला दोन्हीकडे 0.05 मिमी. फिलर गेजनेच, अंदाजाने नाही. नवीन व्हॉल्व घासून बसवलेत म्हणून हे जास्त सांगतोय, कारण व्हॉल्व सीटमध्ये जेवढा आत बसतो तेवढी त्याची दांडी रॉकरकडे सरकते आणि गॅप कमी होतो. आधीच्या सेटिंगवर तसंच बांधलं तर गॅप शून्य, व्हॉल्व कायम किंचित उघडा, कॉम्प्रेशन नाही, आणि तो इनटेकचा असेल तर परत तेच, कार्बोरेटरमधून उलटं मारणं. हे तपासायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, त्यामुळे मी तर म्हणेन टी मार्कच्या तपासाबरोबरच करून टाका, झाकणं तशीही उघडलेलीच असतील.

इथपर्यंत सगळं बरोबर असेल तर कॉम्प्रेशन मोजा. अंगठा प्लगच्या भोकावर ठेवून 'चांगलं प्रेशर आहे' असं सांगणारे भेटतात, पण अंगठ्याला 60 आणि 120 पीएसआयमधला फरक कळत नाही. गेज लावा, प्लगची कॅप काढून प्लगसकट हेडला टेकवून ठेवा म्हणजे सीडीआयवर ताण येत नाही, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि काटा वाढायचा थांबेपर्यंत सेल्फ मारा. अॅक्सिलरेटर बंद ठेवून मोजलं तर हवाच आत जात नाही आणि चांगलं इंजिन पण कमी दाखवतं. 120 पीएसआयच्या वर असेल तर पकडायला हरकत नाही, 90 च्या खाली असेल तर बाकी कितीही केलं तरी पकडणार नाही. मोठ्या एटीव्हीवाल्यांनी हे आकडे घेऊ नयेत, त्यातल्या बऱ्याच इंजिनांच्या कॅमवर डीकॉम्प्रेसर असतो, तो सेल्फवर मुद्दाम प्रेशर सोडतो, तिथे मॅन्युअलमधला आकडाच बघायचा.

कमी आलं की सगळे एक सल्ला देतात, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाका आणि परत मोजा, वाढलं तर रिंग खराब, नाही वाढलं तर व्हॉल्व. उभ्या इंजिनाला ठीक आहे. आपलं इंजिन जवळजवळ आडवं झोपलेलं आहे, ऑइल खालच्या बाजूला साचतं आणि रिंगच्या वरच्या अर्ध्या घेऱ्याला पोचतच नाही, त्यामुळे या चाचणीवर निर्णय घेऊन परत ब्लॉक खोलू नका.

त्यापेक्षा हवा भरून बघा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर पुरतो. जुन्या प्लगचं चिनी मातीचं फोडून त्याच्या लोखंडी अंगाला हवेची नळी जोडून घेता येते, किंवा कॉम्प्रेशन गेजचाच पाइप वापरा, फक्त त्याच्या टोकातला छोटा व्हॉल्व काढून. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टी ला, दोन्ही रॉकर सैल, गाडी न्यूट्रलला. सुरुवात 30-40 पीएसआयने करा, आणि मॅग्नेटवर पाना तसाच अडकवून ठेवू नका, पिस्टन जरा सरकला तर हवेने क्रँक गरकन फिरतो आणि पाना हातावर बसतो. आता कान लावा. कार्बोरेटरच्या तोंडातून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, ऑइल टाकायच्या तोंडातून आली तर रिंग, आणि हेड-ब्लॉकच्या जोडावर साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे आले तर पॅकिंग. थोडीशी हवा रिंगमधून जाणारच, नवीन रिंग बसायच्या असतात, पण व्हॉल्वमधून अजिबात यायला नको.

व्हॉल्वमधून येत असेल आणि टॅपेट बरोबर असतील तर हेड उतरवावं लागेल, इलाज नाही. उतरवल्यावर हेड उलटं धरून एकेका पोर्टमध्ये पेट्रोल ओता आणि चेंबरच्या बाजूने व्हॉल्वच्या कडेने पाझरतंय का बघा. पाझरलं तर एकतर घासणं नीट झालेलं नाही, किंवा व्हॉल्व वाकलाय. टायमिंग चुकलेलं असताना एवढा सेल्फ मारलाय तर वाकण्याची शक्यता धरून चला. व्हॉल्व काढून दांडी काचेवर घरंगळवा, वाकलेला लगेच कळतो.

हेड उतरवलंच तर आणखी काही गोष्टी तेव्हाच बघून घ्या. पॅकिंग ब्लॉकवर ठेवून बोरशी जुळतंय का बघा. या 110 चा बोर बहुतेक 52.4 मिमी असतो आणि सीडी हंड्रेड-स्प्लेंडरचा 50, दोन्ही इंजिनं दिसायला सारखी म्हणून दुकानदार एकाचं पॅकिंग दुसऱ्याला देतो, मग पॅकिंगची कडा सगळीकडून मिलिमीटरभर बोरच्या आत डोकावते. पिस्टनवर 'इन' लिहिलेली बाजू इनटेककडे, म्हणजे आपल्या आडव्या इंजिनात वर, आणि बाण असेल तर तो एक्झॉस्टकडे, म्हणजे खाली. उलटा बसला तर व्हॉल्वसाठीचे खड्डे चुकीच्या बाजूला जातात आणि व्हॉल्व पिस्टनला लागू शकतो. रिंगवरचं अक्षर पिस्टनच्या डोक्याच्या बाजूला. रिंगची तोंडं एका रेषेत नकोत. रिंग एकटी बोरमध्ये ढकलून तोंडाचा गॅप मोजलात तर 0.15 ते 0.30 मिमीच्या दरम्यान यायला हवा, त्याहून खूप जास्त आला तर बोर करणाऱ्याने मोठा बोर मारलाय किंवा रिंग छोट्या मापाच्या दिल्यात.

आणि ब्लॉक धुतला होता का? बोर करून आलेला ब्लॉक नुसता पेट्रोलने किंवा डिझेलने पुसून बसवायची आपल्याकडे पद्धत पडलीय, ती मला मनापासून खटकते. होनिंगची (बोर घासताना पडलेली) बारीक पूड भिंतीवरच्या रेघांमध्ये अडकलेली असते, पेट्रोलने ती निघत नाही, ती गरम पाणी आणि साबणाने ब्रश मारून धुवावी लागते, पांढरं फडकं बोरमध्ये फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत, आणि मग लगेच पुसून ऑइलचा हात द्यायचा, नाहीतर किनाऱ्याच्या हवेत तासाभरात तांबूस गंज धरतो. ती पूड राहिली तर नव्या रिंग एका सीझनमध्ये संपतात आणि मग लोक म्हणतात चायनीज माल टिकत नाही.

आता थोडं सोपं पण चुकवू नये असं. इनटेक पोर्टमध्ये धूळ जाऊ नये म्हणून कोंबलेलं फडकं तसंच राहिलंय का? हसू नका, हे होतं. सायलेन्सर किती दिवस काढून ठेवला होता? कोकणात कुंभारीण माशी असल्या नळ्यांमध्ये मातीचं घर बांधते, पूर्ण तोंड बुजवते. सेल्फ मारताना सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरा, ठोके जाणवायला हवेत. नसतील तर सायलेन्सर सोडून एकदा मारून बघा.

वायरिंगचं फार लिहीत नाही कारण तुमच्याकडे करंट आहे. फक्त दोन गोष्टी. इंजिन किंवा चेसिस रंगवून घेतलं असेल तर जिथे अर्थची वायर बसते तिथला रंग खरवडून काढा, समुद्रावरच्या गाड्यांना तिथे हिरवा-पांढरा गंज पण असतोच. आणि सेल्फ मारताना बॅटरीला मीटर लावा, व्होल्टेज 10 च्या खाली जात असेल तर नवीन इंजिन जड फिरतंय आणि बॅटरी पुरत नाहीये, करंट दिसतो पण प्रेशरखाली पडत नाही, दुसरी चांगली बॅटरी जंपरने जोडून बघा. ज्यांना करंटच येत नाही त्यांनी सीडीआयची काळी-पांढरी वायर तेवढी सोडून बघावी, मॅग्नेटच्या कॉइलवर चालणाऱ्या एसी सीडीआयमध्ये ती किल स्विचची असते, मागच्या ओढायच्या दोरीचा स्विच खाऱ्या हवेने आतून शॉर्ट झाला असेल तर ती सोडल्यावर करंट परत येतो. मॅग्नेट काढलं होतं म्हणून पल्सर आणि मॅग्नेटवरच्या उंचवट्यातला गॅप पण बघा, साधारण अर्धा मिलिमीटर, लग्नपत्रिकेचा जाड कागद जाईल एवढा.

पेट्रोलचं मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण एवढा सेल्फ मारून तुमच्या इंजिनात एक दुसरा त्रास तयार झालेला असणार. पकडत नसताना चोक ओढून पुन्हा पुन्हा सेल्फ मारला की कच्चं पेट्रोल बोरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, नव्या रिंग कोरड्या पडतात, कॉम्प्रेशन आणखी घसरतं, प्लग ओला, आणि पेट्रोल रिंगमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणजे मूळ दोष सापडून काढला तरी गाडी पकडत नाही आणि माणूस परत गोंधळतो. ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वाढलेली असेल तर ते ऑइल फेका, त्यावर इंजिन चालवू नका. प्लग काढून, चोक बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून सेल्फ मारून बोर सुकवा, प्लगच्या भोकातून ऑइलचे थोडे थेंब सोडा, प्लग काढलेलाच ठेवून परत थोडा फिरवा, मग कोरडा प्लग लावा.

टाकीतलं पेट्रोल कधीचं आहे? पावसाळ्यात धंदा बंद, गाडी पत्र्याखाली, टाकी अर्धी. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली वेगळा थर बसतो. टॅप टाकीच्या तळाशी, म्हणजे इंजिनाला पहिलं तेच जातं. कार्बोरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू सोडून पारदर्शक बाटलीत घ्या आणि जरा वेळ ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करा. कार्बोरेटर बसवताना आतला स्लाइड उलटा गेलाय का बघा, कापलेली बाजू एअर फिल्टरकडे हवी. आणि मॅनिफोल्डची पॅकिंग, ओ रिंग फाटलेली नको, तिथून हवा ओढली तर मिश्रण पातळ होतं आणि पातळ मिश्रण पण कार्बोरेटरमधून उलटं मारतं. पण तुमच्या गाडीत हा माझा शेवटचा संशय आहे.

सगळं बरोबर झाल्यावर चालू करायच्या आधी नवीन 20डब्ल्यू40 ऑइल भरा, प्लग काढून थोडा थोडा सेल्फ मारा, पाच सेकंद मारला की पंधरा-वीस सेकंद थांबा, आणि वरचं टॅपेटचं झाकण ढिलं करून ऑइल तिथपर्यंत पोचलंय हे डोळ्यांनी बघा. वर ऑइल आलं नाही तर गाडी चालू करू नका, कॅम आणि रॉकर दोन मिनिटांत जातात. टायमिंग लाइट मिळाली तर सेल्फवरच लावून एफ मार्क (करंट पडायची खूण) क्रँककेसच्या खुणेसमोर दिसतोय का तेही बघा.

पकडली की तासभर आयडलवर घरघर करत ठेवू नका, नवीन रिंगला थोडा भार हवा असतो. गरम होऊ द्या, कडक वाळूवर अॅक्सिलरेटर कमी-जास्त करत फिरवा, पूर्ण थंड होऊ द्या, असं काही वेळा. मऊ वाळूत दोन माणसं बसवून लगेच धंद्याला लावू नका. थंड झाल्यावर टॅपेट परत तपासा, नवीन व्हॉल्व सीटमध्ये बसतात आणि गॅप बदलतो. पहिलं ऑइल लवकर काढा, त्यात चकाकी दिसेल ती थोडी असणारच. आणि एअर फिल्टर, तो फोमचा असेल तर फिल्टर ऑइल लावूनच बसवा, कोरड्या फोममधून किनाऱ्यावरची बारीक वाळू सरळ आत जाते आणि ज्या कारणाने तुमचं पहिलं इंजिन धूर मारायला लागलं ते बहुतेक तेच असणार.

तुमच्या वर्णनावरून माझा क्रम असा आहे, आधी मॅग्नेटची चावी, मग कॅमचा दात, मग इनटेकचा टॅपेट. टाय घालून दोन रेघांच्या मधोमध टी आला की नाही, टॅपेटला गॅप किती निघाला आणि अॅक्सिलरेटर पूर्ण उघडून गेज किती दाखवतंय, एवढं बघून कळवा. चावी काढली तर तिचा जवळून फोटो टाका, कापली आहे की नाही ते फोटोवरून सांगता येईल.